हा लाँगच्या पायऱ्यांवर

वाघोलीहून निघण्यापूर्वी आमच्या फ्रिजच्या दारावर दोन कागद शेजारीशेजारी लावलेले होते. एकावर आईंच्या औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा होत्या. तो मी हाताने लिहिला होता. दुसऱ्यावर व्हिएतनामच्या आठ दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम होता. तो सहल कंपनीने रंगीत छापून पाठवला होता. जवळजवळ तीन आठवडे हे दोन्ही कागद तिथे होते. येताजाता घरातील प्रत्येकाने ते पाहिले. परंतु एकासमोर दुसरा ठेवून वाचावा, असे कोणालाही सुचले नाही. परदेशातील एका दिवसाच्या सहलीने आमची निराशा कशी केली, हे सांगताना म्हणूनच मला सुरुवात त्या फ्रिजच्या दारापासून करावी लागते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७१. मधुमेह १४ वर्षांचा, पण आटोक्यात. सकाळी न्याहारीबरोबर एक गोळी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी, आणि जेवणाच्या वेळा काटेकोर. वाघोली जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेत गेली, उंच इमारतींनी भरून गेली, महामार्गावरची वाहतूक दिवसभर तुंबू लागली. तरी रोज पहाटे वाघेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन येण्याचा आईंचा नेम मोडलेला नाही. त्यामुळे ‘आपल्या आई ठणठणीत आहेत’ हे आमच्या घरातील एक ठाम विधान होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे आई, माझे पती, तेरा वर्षांचा मुलगा आणि मी, हनोईला उतरलो, तेव्हा आमच्या सामानात हे विधानही होते.

कागदावरचा दिवस

सहलीचा तिसरा दिवस हा लाँग उपसागराचा. साऱ्या सहलीत आम्ही ज्याची वाट पाहत होतो, तो हाच दिवस. ‘हा लाँग’ या शब्दांचा अर्थ ‘जिथे ड्रॅगन उतरला ते ठिकाण’. शत्रू चालून आला तेव्हा स्वर्गातून ड्रॅगन उतरले, त्यांनी तोंडातून रत्ने फेकली आणि त्या रत्नांची बेटे झाली, अशी तिथली कथा आहे. भूगर्भशास्त्राची कथा वेगळी असली तरी कमी नवलाची नाही. ही बेटे चुनखडकाची आहेत. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने तो झिजत गेला, त्याचे सुळके झाले, त्यांच्या पोटात गुहा झाल्या आणि पुढे समुद्राचे पाणी चढून त्या सुळक्यांची बेटे झाली. मोजदाद झालेली बेटे १,९६९. १९९४ साली युनेस्कोने या उपसागराला जागतिक वारशाचा मान दिला आणि २००० साली त्याच्या भूरचनेसाठी पुन्हा एकदा.

छापील कार्यक्रम असा होता : सकाळी साडेसात वाजता हॉटेलवरून प्रस्थान, साडेदहापर्यंत बंदर, बारा वाजता बोटीवर ‘भारतीय शाकाहारी भोजन’, त्यानंतर सुंग सोत गुहा, बांबूच्या होडीतून फेरी, टिटॉप बेट, परतताना डेकवर चहा-फळे आणि रात्री आठपर्यंत हनोई. कागदावर हा दिवस नेटका दिसत होता. दोन ओळींच्या मधे काय असते, ते कागदावर नसते.

गाडी वेळेवर यावी म्हणून आम्ही पावणेसातलाच न्याहारीला बसलो. घाईत आईंनी एक टोस्ट आणि अर्धा कप दूध घेतले आणि नेमाप्रमाणे गोळी घेतली. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. वाघोलीत तेव्हा सव्वापाच वाजले होते, आणि घरी त्या ही गोळी पोहे किंवा भाकरी खाऊन आठच्या सुमारास घेतात.

गाडी आली पावणेआठला. पुढचा सव्वा तास ती हनोईच्या जुन्या भागातील अरुंद गल्ल्यांतून इतर हॉटेलांतील प्रवासी गोळा करत फिरली. एकूण तीस माणसे झाली. मग शहर सोडून द्रुतगती मार्गाला लागलो, तोच तासाभरात पहिला थांबा आला. तिथे विश्रांतीच्या नावाखाली भरतकाम, दगडी मूर्ती, मिठाई, कॉफी आणि रेशमी वस्त्रे यांचे एक विस्तीर्ण दुकान होते. गाईडने चाळीस मिनिटे दिली. स्वच्छतागृह दुकानाच्या अगदी टोकाला, म्हणजे सगळ्या मालाच्या रांगा ओलांडून गेल्यावर; आणि तिथे आमच्याआधी आलेल्या चार गाड्यांतील स्त्रियांची रांग. आई दारापर्यंत गेल्या, रांग पाहिली आणि परत येऊन गाडीजवळ उभ्या राहिल्या. मी विचारले, तर म्हणाल्या, “नको गं, मला लागलेली नाही.”

दुसरा थांबा मोत्यांचा. शिंपल्यात मोती कसा रुजवतात, याचे दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक खरोखर चांगले होते. मुलाने त्यातील प्रत्येक पायरी लक्षपूर्वक पाहिली. त्यानंतरची अर्धी घटका मात्र काचेच्या कपाटांमधून चालण्यात गेली. स्वस्त सहलींचे हे गणित आता पुष्कळांना ठाऊक आहे. तिकीट कमी असते आणि उरलेले दुकानांच्या थांब्यांतून भरून निघते. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या थांब्यांचा वेळ कोठून तरी काढावा लागतो. आमच्या दिवशी तो जेवणातून काढला गेला.

“जेवण अर्ध्या तासात”

बंदरावर पोहोचायला बारा वाजत आले. तिथे एवढी गर्दी होती की बोटीवर चढेपर्यंत साडेबारा झाले. आमचा गाईड पंचविशीचा, हसतमुख मुलगा. हातात पिवळा झेंडा, गळ्यात ध्वनिक्षेपक. दोन लाख डाँगची नोट उंच धरून तिच्यावर छापलेले धूपदाणीच्या आकाराचे बेट त्याने आम्हाला दाखवले. तेच बेट आपण आज पाहणार आहोत असे सांगितले आणि पाठ केलेले दोन विनोद केले. मग त्याने जाहीर केले की दुपारी टिटॉप बेटावर गर्दी वाढते, म्हणून क्रम बदलला आहे. आधी टिटॉप, मग जेवण. “जेवण अर्ध्या तासात,” असे तो म्हणाला.

टिटॉप हे नाव ऐकून ते व्हिएतनामी असावे असे वाटते, पण ते आहे रशियन. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दुसरे अंतराळवीर गेरमान टिटॉव्ह १९६२ साली इथे आले होते. हो चि मिन्ह स्वतः त्यांना घेऊन आले आणि त्यांनीच या बेटाला पाहुण्याचे नाव दिले. पायथ्याशी वाळूचा अर्धचंद्राकार किनारा आहे, टिटॉव्ह यांचा पुतळा आहे आणि तिथूनच वर जाणारा जिना सुरू होतो. पायऱ्या चारशेहून अधिक. टोकावर एक छत्री आहे. उपसागराची जी छायाचित्रे जगभर पाहिली जातात, त्यांतील पुष्कळशी तिथूनच घेतलेली असतात.

गाईडने पंचेचाळीस मिनिटे दिली आणि सांगितले, “वर गेला नाहीत, तर हा लाँग पाहिलाच नाही असे समजा.”

आई म्हणाल्या, “मी इथे सावलीत बसते. तुम्ही जाऊन या.”

यावर मी जे बोललो नसते तर बरे झाले असते, असे वाक्य मी बोलले. “आई, रोज वाघेश्वरापर्यंत चालत जाता ना? मग एवढ्याशा पायऱ्यांचं काय? चला, हळूहळू जाऊ.”

त्या उठल्या. मुलगा आणि पती पुढे गेले. आम्ही दोघी मागून. हवा कोंदट होती. तापमान तिशीच्या थोडे वर असेल, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या मानाने काहीच नाही. पण दमटपणा असा की घाम येत होता आणि अंगावरच राहत होता. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम वाळतो आणि वाळता वाळता अंग गार करतो. दमट हवेत घाम वाळत नाही. शरीर पाणी गमावते आणि थंडावा मात्र मिळत नाही. शिवाय सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालणे आणि दीडशे पायऱ्या चढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत कोणी विचारले असते तर मी सांगू शकले असते. पण मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

दीडएकशे पायऱ्यांवर आई कठड्याला टेकल्या. चेहऱ्यावरून घामाच्या धारा होत्या. तिथे सगळ्यांच्याच चेहऱ्यावरून होत्या, म्हणून मला त्यात वावगे वाटले नाही. मी पदराने वारा घालू लागले, तर त्या चिडल्या. “सोड मला,” असे त्यांनी एरवी मला कधी म्हटलेले नाही. मग पायरीवर बसल्या, मनगटावरचे घड्याळ काढण्याचा प्रयत्न करू लागल्या आणि म्हणाल्या, “गॅस बंद केलास का गं?”

मी हसले. त्यांना गंमत करायची असेल असे वाटले. त्यांनी माझ्याकडे न पाहता पुन्हा तेच विचारले, “गॅस बंद केलास का?”

मी त्यांचा हात हातात घेतला. एवढ्या उकाड्यात तो थंडगार होता आणि बोटे थरथरत होती.

ग्लुकोमीटर हॉटेलवर होता. बोटीवर लहानच पिशवी न्यायची, म्हणून आदल्या रात्री मी तो काढून ठेवला होता. खडीसाखरेची डबी गाडीतल्या मोठ्या पिशवीत होती आणि गाडी बंदरावर होती. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते ते टोप्या, मोबाइलचा चार्जर आणि पोहण्याचे कपडे.

तेवढ्यात वरून उड्या मारत मुलगा आला. आजीला त्या अवस्थेत पाहून तो गप्प झाला. मी त्याला खालच्या टपरीवरून गोड सरबत आणायला सांगणार, तोच त्याने खिशात हात घातला आणि साखरेच्या तीन पुड्या काढल्या. हॉटेलांतील चहाच्या टेबलावरच्या या पुड्या जमवण्याचा त्याला नाद आहे; त्यावरून मी त्याला कितीदा रागावले आहे. आई शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या. तिन्ही पुड्या थोड्या पाण्याबरोबर मी त्यांना दिल्या. मुलगा धावत खाली गेला आणि उसाच्या रंगाचे कसले तरी गोड पेय घेऊन आला. ते अर्धे घेतले. मग आम्ही तिथेच बसून राहिलो. बाजूने माणसे चढत-उतरत होती. कोणी थांबून पाहिले, कोणी वळसा घालून गेले. पंधरा-वीस मिनिटांनी आईंनी पदराने तोंड पुसले, आजूबाजूला पाहिले आणि विचारले, “आपण इथे का बसलोय?” त्यांचा आवाज आता त्यांचा होता.

गुहेऐवजी डेक

खाली गाईड घड्याळाकडे पाहत उभा होता. काय झाले ते कळल्यावर तो घाबरला. दवाखान्यात न्यायचे का, बंदरावर फोन करू का, असे त्याने दोनदा विचारले. बोट आमच्यासाठी दहा मिनिटे थांबली. सहप्रवाशांच्या चेहऱ्यांवर नाराजी होती, आणि मला त्यांचा राग आला नाही; त्यांचाही दिवस त्या पंचेचाळीस मिनिटांच्या चौकटीतच बसवलेला होता.

जेवण आले तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. ‘भारतीय शाकाहारी भोजन’ म्हणजे वाफवलेला भात, परतलेला कोबी, तळलेले टोफू आणि कलिंगड. वाघोलीहून नेलेले लिंबाचे लोणचे आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या आधारावर आई पोटभर जेवल्या. पती आणि मुलगा पुढे सुंग सोत गुहा पाहायला गेले. १९०१ साली फ्रेंचांनी हिला ‘आश्चर्याची गुहा’ म्हटले आणि व्हिएतनामी नावाचा अर्थही तोच आहे. मुलाने नंतर सांगितले की आत इतकी गर्दी होती की पुढच्याच्या पाठीखेरीज फारसे काही दिसले नाही.

आम्ही दोघी डेकवर राहिलो. इंजिन बंद होते. पाणी हिरवे आणि संथ होते. दोन सुळक्यांमधून तिसरा दिसत होता, त्यामागे चौथा, आणि प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा फिकट. एका कड्याच्या भेगेत झाड उगवले होते आणि त्याच्या मुळ्या पाण्यापर्यंत लोंबत होत्या. बोटीवरच्या आचारीणबाईने न मागता आईंना गरम पाण्याचा पेला आणून दिला. साऱ्या दिवसात हा लाँग आम्ही पाहिला तो या तासाभरात. तो कार्यक्रमात नव्हता.

तिथे आईंनी मला सांगितले, “सकाळपासून मी पाणीच प्यायले नव्हते. प्यायलं की जावं लागतं. रांग असते, सगळे खोळंबतात. तुमचा दिवस मोडायला नको वाटलं.”

मी म्हटले, “मला सांगायचं ना, आई.”

“सांगितलं की. खाली बसते म्हटलं होतं मी.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला पुरे पडले.

काय घडले होते

पुण्यास परतल्यावर आमच्या डॉक्टरांना सारा वृत्तांत सांगितला. त्या वेळी साखर मोजलेली नसल्याने आकडा कधीच कळणार नाही. पण लक्षणांवरून ती बरीच खाली गेली असावी, असे त्यांचे मत पडले. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरली की तिला कमी साखर म्हणतात. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे आणि गोंधळ ही तिची लक्षणे. आईंची सकाळची गोळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे सल्फोनिलयुरिया गटातील. ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि माणूस जेवला आहे की नाही, याची वाट पाहत नाहीत. त्यामुळे गोळी घेतली आणि जेवण लांबले, त्यात नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले, तर साखर घसरण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचेही तसेच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. म्हणून आपल्या घरातील गोळी कोणत्या गटातील आहे, हे प्रवासापूर्वी विचारून घेणे हे पहिले काम.

पाण्याचे कारण त्यात भर घालणारे होते. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. त्यात माणूस जाणूनबुजून पाणी टाळू लागला, तर थकवा, चक्कर आणि गोंधळ यांना आयतेच निमंत्रण मिळते. आपल्या घरातील कितीतरी आई, सासूबाई, आत्या, मावशा एस.टी.च्या प्रवासात आयुष्यभर हेच करत आल्या आहेत. स्वच्छतागृहाचा भरवसा नाही, म्हणून घरून निघतानाच पाणी बंद. ही सवय त्या विमानातही घेऊन जातात आणि परदेशातही. मुलांना ती दिसत नाही, कारण ‘मला लागलेली नाही’ हे उत्तर आपल्याला सोयीचे असते.

सर्वांत फसवी गोष्ट घामाची. उकाड्यात, चढावर आलेला घाम आणि साखर कमी झाल्याचा घाम दिसायला सारखाच असतो. आपल्याला फरक कळतो तो सोबतच्या खुणांवरून : हात थंड आहेत का, बोलणे सुसंगत आहे का, स्वभावाला न शोभणारी चिडचिड आहे का. शंका आली तर मोजण्याची सोय असल्यास मोजावे. नसल्यास साखर कमी आहे असेच धरून चालावे. सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, किंवा अर्धा पेला फळांचा गोड रस द्यावा, १५ मिनिटे बसवून ठेवावे आणि सुधारणा नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. बरे वाटले की पोटात काहीतरी भरीव जावे. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

दोष कोणाचा

सहल कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिले. ‘स्थानिक परिस्थितीनुसार कार्यक्रमात बदल संभवतो’ या अटीकडे लक्ष वेधणारे उत्तर आले आणि त्यासोबत पुढील सहलीवर सवलत. जेवणाची वेळ पाळली नाही, दुकानांचे थांबे आधी कळवले नाहीत, तीस माणसांना एकच गाईड दिला, हा त्यांचा दोष मी आजही त्यांच्याच पदरात घालते. मधुमेही माणसाला जेवण दोन तास उशिरा मिळणे ही गैरसोय नव्हे, धोका आहे. हे अशा कंपन्यांना कळायला हवे, आणि आपण लेखी सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

परंतु आमच्या नोंदणीच्या अर्जात ‘आरोग्यविषयक काही सूचना’ असा एक रकाना होता आणि त्यात मी ‘काही नाही’ असे लिहिले होते. आई ठणठणीत होत्या ना! त्या गाईडला आईंचा मधुमेह ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. “वर गेला नाहीत तर पाहिलेच नाही” हे वाक्य त्याने तीस जणांना उद्देशून म्हटले होते. त्यातील एका व्यक्तीला ते लागू नाही, हे सांगणे माझे काम होते. त्याऐवजी मी त्याचीच बाजू घेतली. एवढा खर्च करून आलो आहोत, तर सगळे पाहून घेऊ, या हिशेबात आईंचे ‘मी इथे बसते’ हे वाक्य मला आळसाचे किंवा संकोचाचे वाटले. ते त्यांच्या शरीराने दिलेले उत्तर होते.

आईंनी नेलेली सहल

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या पावसानंतरच्या एका रविवारी, मुलाने आजीला विचारले, “आजी, आपल्या वाघोलीचा दगड हा लाँगसारखा का नाही?” त्याला तिथे विरघळणाऱ्या दगडाचे फार नवल वाटले होते. आजी म्हणाली, “चल, दाखवते.” आणि आम्ही तिघे तिच्यामागून निघालो.

आधी वाघेश्वर. देवळालगतच्या तळ्याकाठी आई बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांना वाटले तेव्हा उठल्या. मग पिलाजी जाधवरावांची समाधी. शाहू महाराजांच्या काळातील हे मातब्बर सरदार, बाजीराव पेशव्यांच्या मोहिमांत नाव गाजवलेले; वाघोली ही त्यांची. मुलगा या समाधीवरून शाळेच्या बसने कितीतरी वेळा गेला होता, पण थांबला प्रथमच. नंतर एका जुन्या दगडखाणीच्या काठापर्यंत गेलो. इथला दगड काळा, बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांतून झालेला; तो चुनखडकासारखा विरघळत नाही, म्हणून इथे तसल्या गुहा नाहीत. पण लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये कालांतराने स्फटिक वाढले. त्यांत कॅव्हान्साइट नावाचे एक दुर्मीळ, गडद निळे खनिज आहे. ते प्रथम सापडले अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये, १९६७ साली. परंतु त्याचे जगातील सर्वांत देखणे नमुने वाघोलीच्या खाणींतून निघाले. पांढऱ्या खनिजावर फुललेले ते निळे गुच्छ आज देशोदेशींच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेले आहेत. ही माहिती पतींनी मोबाइलवर वाचून दाखवली. आई म्हणाल्या, “इथून ट्रक भरभरून खडी जायची. त्यात किती निळी फुलं गेली असतील!”

अडीच तासांत आम्ही तीन ठिकाणे पाहिली आणि मधे दोनदा चहा घेतला. कोणीही कोणाला घाई केली नाही. घरी येऊन आई वेळेवर जेवल्या.

याचा अर्थ परदेशी जाऊ नये असा मी काढलेला नाही. आईंनी तर मुळीच नाही. त्यांना आता कंबोडियातील अंकोरवाट पाहायचे आहे. तिथेही पायऱ्या आहेत, उकाडा आहे. फक्त या वेळी तयारी निराळी चालली आहे. दिवसाच्या सहलीत किती थांबे, कुठे, स्वच्छतागृहाची सोय किती वेळाने आणि जेवण नक्की कधी, हे नोंदणीपूर्वी लेखी विचारायचे. आजाराचा रकाना खरा भरायचा. गोळीची वेळ नव्या देशाच्या घड्याळाप्रमाणे कशी बदलायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे आणि गोळी भरीव न्याहारीबरोबरच घ्यायची. औषधे, ग्लुकोमीटर, साखर, राजगिऱ्याचे लाडू आणि क्षारसंजीवनीची पाकिटे मोठ्या सामानात नव्हे, अंगावरच्या पिशवीत ठेवायची. दर तासा-दीड तासाला पाणी सगळ्यांनी प्यायचे आणि स्वच्छतागृहाला सगळ्यांनी जायचे, म्हणजे कोणा एकीला आपल्यामुळे खोळंबा होतो असे वाटणार नाही. जिना चढायचा की नाही हे ठरवताना उतरणेही मोजायचे, कारण गुडघ्यांवर जास्त भार उतरतानाच येतो. आणि सकाळी निघतानाच ठरवायचे की आजच्या कार्यक्रमातील कोणती एक गोष्ट सोडता येईल.

फ्रिजच्या दारावर आता एकच मोठा कागद आहे. डाव्या बाजूला सहलीच्या वेळा, उजव्या बाजूला आईंच्या. मी तो लिहून लावला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर तळाशी आईंच्या किरट्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती : ‘पायऱ्यांचे मी सांगेन.’